तांबट

शरणपूर रोड, दुसरा मजला.
माझी खोली आठ बाय सहा,
भिंतींना फोम, दाराला दुहेरी काच.
आत आलेला माणूस आधी दचकतो,
इतकी शांतता त्याला नाशकात कुठे भेटलेलीच नसते.

आज सुलोचना करवंदे, वय बावन्न, तांबट आळी.
"शीळ आली की बटण दाबा.
अगदी बारीक आली तरी."
त्या डोळे मिटतात, देवळात मिटावेत तसे.
मी आवाज पाठवत राहते,
त्या वाट बघत राहतात.

कागदावर माझ्या निळ्या फुल्या
एकेक पायरी उतरतात, घाटावरच्यासारख्या.
आठ हजारांची पायरी पाण्याखाली गेलेली.

"हातोड्यानं गेले का हो कान?"
नाही. हातोड्यानं चार हजारावर खळगा पडतो,
तुमच्या यजमानांच्या कागदावर आहे तसा.
तुमचा उतार वेगळा आहे.
पाळी कधी थांबली?

त्या दाराकडे बघतात. दार बंद, तरी आवाज खाली आणून :
"दोन वर्षं होतील. पण तिचा न् कानाचा काय संबंध?"

मी त्यांना मासा सांगते.
लांबच्या एका समुद्रकाठी
नर खडकाखाली रात्रभर घुमत बसतो.
एरवी मादीला त्यातले वरचे सूर पोचतच नाहीत.
मग पोटात अंडी धरू लागतात,
रक्तात काहीतरी चढतं,
आणि तेच पाणी, तोच खडक, तोच घुमणारा बाबा
तिला अख्खा ऐकू येतो.

सुलोचनाबाई हसतात.
"तांब्याचंच की हे!
ठोकून ठोकून पत्रा हट्टी होतो,
मग भट्टीत लाल करायचा, पाण्यात विझवायचा,
की पुन्हा लोण्यासारखा.
म्हणजे बाईच्या कानालाही भट्टी असते म्हणा."
थोडं थांबून,
"आणि आमची विझली."

मग कुणी न विचारता :
"माझा हेमराज दीड महिन्याचा होता.
खाली नऊ दुकानं ठोकायची,
मी वर खुशाल झोपलेली.
पण यानं नुसते ओठ हलवले की
आधी पदर भिजायचा,
मग मला ऐकू यायचं."

हे मी कागदावर कुठे लिहू?
त्या आवाजाला रकाना नाही.

मी त्यांना सांगत नाही की
उंदरीण नुकती व्याली की पिलाची अशी किंकाळी टिपते
जी आपल्या कुणाच्याच कानाची नाही.
सांगत नाही की माझा आज अकरावा दिवस,
पोटावर अकरा निळे ठिपके,
फ्रिजच्या दारात उरलेल्या तीन सुया.
कालपासून फ्रिजही घुमतो,
शेजारच्या घरातला चमचा
माझ्या दाढेत वाजतो.
औषधाचं असेल, की मनाचं,
की मीच नको तितकी कान टवकारून बसलेय,
माझं मला कळत नाही,
आणि यंत्र फक्त समोरच्याचं मोजतं.

मशीन घ्या, मी म्हणते, दोन्ही कानांना.
त्या किंमत विचारतात. मी सांगते.
"पत्र्याच्या भावात पडलं," म्हणत त्या उठतात.

जिन्याच्या वळणावर खिडकी,
खिडकीपाशी उंबर, फाल्गुनात लगडलेला.
टुक्. टुक्. टुक्. टुक्.
पाच वर्षं हे झाड इथे आहे,
पाच वर्षं मी त्याला रस्त्याचा गोंगाट समजले.
सुलोचनाबाई कठड्याला धरून थांबतात.
"हा येतो हं ऐकू. हा आमच्या आळीतला."
मला तो हिरवा ठिपका दिसत नाही, त्यांना दिसतो.

कुठेतरी त्याची मादी असेल,
आज ऐकणारी, की अजून नाही,
की वेळ निघून गेलेली?

खाली रिक्षा हॉर्न देतेय.
त्यांच्या हातात कागद, माझा हात पोटाशी.
आम्ही दोघी कान देऊन उभ्या,
कुणाला दिले ते न ठरवता.